मन्याच्या बाथरूमचं कोटेशन आणि कट्ट्यावर झालेली वादावादी

शनिवारी रात्री पुण्यात बिबवेवाडीच्या आमच्या कट्ट्यावर मन्या कोटेशन घेऊन आला आणि बाकीचे विषय बाजूलाच पडले. कोटेशन म्हणजे काय तर व्हॉट्सअॅपवर आलेला एक फोटो, "बाथरूम रिनोव्हेशन कम्प्लीट, विथ मटेरियल, 1,85,000 लमसम", म्हणजे सगळं मिळून एकच आकडा, खाली सही, संपलं. मन्याचं बजेट दीड लाख, अगदीच ताणलं तर एक साठ. बिल्डिंग 1991 सालची, स्टिल्टवर, म्हणजे खाली पार्किंग आणि वर तीन मजले, हा वरच्या तिसऱ्या मजल्यावर, बाथरूम सात बाय पाच, कमोड त्यातच. घरात आई 72 वर्षांची, गुडघे गेलेले. आणि खालच्या काकूंच्या बाथरूमच्या सिलिंगला ओल आलीय, पोपडे पडतायत, त्या दोनदा वर येऊन सांगून गेल्या.

ही शेवटची गोष्ट मन्याने सगळ्यात शेवटी सांगितली, तोपर्यंत अर्धा तास टाइल कुठल्या घ्यायच्या यावर गेला होता. मला वाटतं बहुतेक घरांत असंच होतं, जे डोळ्याला दिसणारे त्याचं बजेट आधी ठरतं आणि जे टाइलच्या मागे जाणारे त्याला उरलेसुरले पैसे. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुन्याचं म्हणणं होतं फोडाफोडीच करू नको. "अरे टाइलवर टाइल लाव, अॅडेसिव्ह मिळतं आता, राडारोडा नाही, आईला धुळीचा त्रास नाही, साठ-सत्तर हजारात चकाचक होईल, उरलेल्या पैशात रेन शॉवर, ग्लास पार्टिशन, वॉल हंग कमोड, एकदम हॉटेलसारखं." आणि टाइलवर टाइल हा काही फालतू सल्ला नाही, खालची टाइल घट्ट असेल, पोकळ वाजत नसेल आणि गळती नसेल तर चांगलं काम होतं. फक्त फ्लोअर अर्धा-पाऊण इंच वर येतो, मग दार खालून कापावं लागतं आणि उंबऱ्याची उंची कमी होते, एवढं बघायचं.

पण शीतल तिथेच तुटून पडली. ती एका आर्किटेक्टकडे साइट बघते, रोज हेच करते. "सुन्या, खाली ओल आहे म्हणजे पाणी स्लॅबपर्यंत पोचलंय. त्या काळच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब संकन, म्हणजे खोलगट असतो, वर विटांचे तुकडे टाकून कोबा भरलेला. तो भराव पाणी पिऊन बसलाय. त्याच्यावर तू कितीही भारी टाइल चिकटव, खालचं पाणी खालीच झिरपणार. आणि पाइप? जीआयचे, म्हणजे जुने लोखंडी असणार, आतून गंजून भोक अर्धं झालेलं असणार."

मन्या म्हणला, ओल आलीय तर सोसायटी करेल ना काहीतरी. यावर बापूंनी त्याला थांबवलं. बापू सोसायटीचे सेक्रेटरी होते मधे काही वर्षं. "हे बघ मन्या, उपविधीत स्पष्ट आहे. गच्चीची गळती, बाहेरच्या कॉमन लाइनची गळती हे सोसायटीचं. तुझ्या बाथरूमच्या आतून गळतंय तर ते तुझं. काकूंचं सिलिंग रंगवून द्यायचं तेही तुझ्याच खर्चात धर." ही रक्कम कुठल्याच कोटेशनमध्ये नसते, आणि ती द्यायला लागतेच. द्यायलाच हवी.

मग मन्यानेच विचारलं की बापू तुम्हीच सांगा कसा हिशोब करायचा. बापूंनी टपरीवरून कागद मागून घेतला आणि कामाच्या क्रमाने लिहायला लागले, म्हणजे जे आधी होणार ते आधी. मला हे फार पटलं. कारण पहिल्या चार कामांत कंजुषी केली तर ती सुधारायला परत सगळं फोडावं लागतं, आणि शेवटच्या चार गोष्टी, नळ, आरसा, टॉवेल रॉड, बेसिन, ह्या पुढच्या दिवाळीलाही बदलता येतात.

आकडे सगळे बापू आणि शीतल यांच्या अंदाजाचे आहेत, तुमच्या गावात, तुमच्या मिस्त्रीचे वेगळे असतील. तोडफोड भरावासकट, पोती भरून तीन जिने उतरवून राडारोड्याचा टेम्पो, 14 हजार. लिफ्ट नाही म्हणून जास्त. प्लंबिंग सगळं नवीन, गरम-गार दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप, ड्रेनेजला पीव्हीसी, नवीन न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीचं पाणी जायचं भांडं, मजुरीसकट 24 हजार. वॉटरप्रूफिंग आणि नवीन कोबा 20 हजार. इथे सुन्या ओरडला, "वीस हजार नुसते मातीत?"

शीतल काही क्षण बोलली नाही आणि मग तिने एकेक करून सांगितलं, मला वाटतं हा सगळ्या चर्चेतला सगळ्यात कामाचा भाग होता. स्लॅब उघडा झाला की आधी साफ करून भेगा भरायच्या, जिथे पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथली फट नीट बुजवायची कारण बऱ्याच गळत्या तिथूनच. भिंत आणि स्लॅब मिळतो त्या कोपऱ्याला वाटा मारायचा, म्हणजे सिमेंटची गोलाई करायची, काटकोन ठेवायचा नाही. मग वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, एक उभा एक आडवा, भिंतीवर फूटभर तरी वर चढवायचा आणि शॉवरच्या भिंतीला त्याहून बराच वर. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, किमान 48 तास, पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलने करायची आणि काकूंना सांगायचं की रोज सिलिंग बघा. खाली डाग आला नाही, खूण हलली नाही, तरच पुढे. "आणि हे दोन दिवस मिस्त्रीला फुकट बसल्यासारखे वाटतात म्हणून तो म्हणतो काही गरज नाही हो साहेब. तू हटायचं नाही." नंतर कोबा करताना उतार ट्रॅपकडे, सात फुटाला साधारण एक इंच.

मन्याने हे सगळं फोनमध्ये टाइप करून घेतलं.

मग टाइल. इथे तर गंमतच आहे. सुन्याला दोन बाय चार फुटाची मोठी टाइल हवी होती. बापूंनी गुणाकार केला, चार भिंतींचा घेर 24 फूट, सात फूट उंची म्हणजे 168, दार-खिडकी वजा जाऊन 148 च्या आसपास, फ्लोअर 35, वेस्टेज दहा टक्के, झाले 200 स्क्वेअर फूट. आता 50 रुपयांची टाइल घेतली काय आणि 70 ची घेतली काय, फरक चार हजाराचा, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे गंगाधाम रोडच्या दुकानांत दोन रविवार फिरून, नवरा-बायकोत भांडणं होऊन जो वाद मिटतो तो पाच हजाराच्या आतला आहे! त्याउलट शॉवरचा एक डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरला की नळाला ते फिरवणारा कॉक, साध्यावरून भारीवर गेला की एका फटक्यात तेवढे वाढतात आणि त्यावर कुणी दोन मिनिटं पण बोलत नाही.

मोठ्या टाइलचा प्रश्न रेटचा नाही, कटिंगचा आहे. पाच फुटाच्या भिंतीवर चार फुटाची एक आख्खी आणि एक फुटाचा तुकडा. दोन बाय चारमध्ये वेस्टेज दहावर थांबत नाही, आणि मिस्त्री लावायचे पैसे पण जास्त घेतो. एक बाय दोन भिंतीला, फ्लोअरला एक बाय एकची मॅट अँटीस्किड, ठरलं. माल, अॅडेसिव्ह, ग्राउट, मजुरी सगळं धरून 34 हजार. एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाकायचा कारण पुढच्या वर्षी त्याच नंबरची टाइल मिळाली तरी शेड जुळेलच असं नाही.

इलेक्ट्रिक 7 हजार. गीझर दोन किलोवॅटचा म्हणजे नऊ अॅम्पियरच्या घरात, त्याला वेगळी वायर, 16 अॅम्पियरचा पॉइंट, अर्थिंग तपासून, आणि 30 मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. 1991 च्या वायरिंगवर गीझर चालवायचा नाही, इथे माझं मत अजिबात मवाळ नाहीये, ओल्या अंगाने माणूस तिथे उभा असतो. टिंबर मार्केटातून डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं दार 8 हजार, आणि ते बाहेर उघडणारं, म्हणजे आई आत पडल्या तर दार ढकलता येत नाही असं व्हायला नको.

उरले 32 हजार कमोड, बेसिन, नळ, डायव्हर्टर, जेट, आणि आईसाठी धरून उठायला दोन ग्रॅब बार यांना. इथे सुन्याने शेवटचा जोर लावला, की रेन शॉवर तरी घेच, पैसे कमी पडतायत तर ईएमआय कर. शीतलने त्याला विचारलं टाकी कुठेय? गच्चीवर. तिसऱ्या मजल्याच्या शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत उंची किती, तीन मीटर फार तर. दहा मीटर पाण्याला एक बार प्रेशर मिळतं, म्हणजे मन्याकडे 0.3 बार. त्या एवढ्या मोठ्या तबकडीतून पाणी नुसतं ठिबकणार, मग प्रेशर पंप लावा, त्याचा खर्च, त्याचा आवाज. पहिल्या मजल्यावाल्याने घ्यावा रेन शॉवर. मन्याच्या आईला तर स्टुलावर बसून आंघोळ करायला हँड शॉवरच लागणारे. वॉल हंग कमोडही गेला, त्याच्या फ्रेमला आणि आतल्या टाकीला वेगळे पैसे आणि पाच फुटाच्या बाथरूममध्ये भिंत पुढे येते ती वेगळी. साधा कमोड, पण दुकानात जायच्या आधी आउटलेट पी (मागे भिंतीत जाणारा) आहे का एस (खाली फरशीत जाणारा) बघून, आणि एस असेल तर भिंतीपासून अंतर मोजून, तेसुद्धा नवीन टाइलची जाडी धरून. इंचभर चुकलं की कमोड बसत नाही.

बेरीज झाली 1,39,000. बापूंनी त्यावर 15 टक्के लिहिले, जवळजवळ 21 हजार, एकूण 1,60,000. मन्या म्हणला हे 21 कशाचे, फालतू खर्च. बापू म्हणाले फोडल्यावर काय निघेल ते आज मला माहीत नाही, तुला माहीत नाही, कॉन्ट्रॅक्टरलाही नाही. स्लॅबची सळी उघडी पडलेली निघाली तर? काकूंचं सिलिंग यातूनच. काहीच निघालं नाही तर पैसे तुझेच आहेत की.

ईएमआयवर मात्र एकमत झालं नाही. सुन्या म्हणतो हातातले पैसे संपवण्यापेक्षा बरं, कट्ट्यावरचाच वैभव म्हणतो बाथरूमसाठी पर्सनल लोन काढणं म्हणजे नळासाठी व्याज भरणं. मला विचाराल तर वॉटरप्रूफिंग आणि पाइपसाठी पैसे कमी पडत असतील तर कर्ज काढणं समजू शकतो, काचेच्या पार्टिशनसाठी नाही. पार्टिशन नंतर लावता येतं.

आता मन्या त्या कॉन्ट्रॅक्टरला लमसम सोडून आयटमप्रमाणे कोटेशन मागणार, पाइप कुठला, कोटिंगचे हात किती, राडारोडा कोण उचलणार, सगळं लेखी. पैसे टप्प्याने, सुरुवातीला 30 टक्के, पाणी भरून टेस्ट पास झाली की 30, टाइल झाली की 30, आणि शेवटचे दहा वापर सुरू झाल्यावर महिन्याने. पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या झिरी बुजवायच्या आधी पाइपलाइन प्रेशरवर तपासायची आणि मोजायची टेप लावून फोटो काढायचे, म्हणजे उद्या ग्रॅब बारसाठी ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते कळेल. तो माणूस हे ऐकून काम सोडून गेला तर दुसरा बघायचा, शीतलने दोन मिस्त्रींचे नंबर दिलेत. काम पावसाळ्याआधी उरकायचंय, आईला तेवढे दिवस मन्याच्या बहिणीकडे धनकवडीला पाठवायचं ठरलंय.