कोच हाकला म्हणजे झालं का!

इंडियाची हॉकी टीम हरली रे हरली की आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाच्या गाड्याजवळ एकच रेकॉर्ड सुरू, कोचला काढा! अरे लगा, किती जणांना काढायचं? पुरुषांच्या टीमचे कोच बघा, 2015 ला वॅन आस गेला, 2017 ला ओल्टमन्स गेला, मग पोरींचा कोच मरिन उचलून पुरुषांच्या टीमवर आणला न पोरींकडं हरेंद्र सिंग, 2018 ला परत त्या दोघांची अदलाबदल, आणि वर्ल्डकपची क्वार्टर फायनल हरल्यावर 2019 च्या जानेवारीत हरेंद्रला पण नारळ. कोच हायत का तलाठी, सारख्या बदल्या करायला?

बरं त्याच मरिनला जरा वेळ मिळाला तर टोकियो ऑलिम्पिकात पोरी चौथ्या आल्या, आणि पुरुषांचा कोच रीडला दोन वर्षं सलग काम करू दिलं तर पुरुषांना 41 वर्षांनी ऑलिम्पिक मेडल मिळालं, हे कोण बोलत नाय.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे इंडियाकडून खेळल्या म्हणून पोरींच्या मॅचकडं जास्तच लक्ष असतंय माझं. 2024 ला पोरींचं पॅरिस ऑलिम्पिकचं तिकीट हुकलं, त्यांच्या कोच शॉपमनबाई गेल्या, आणि आलं कोण? तर परत हरेंद्रच! तरी 2025 ला प्रो लीगमधनं, म्हंजे हॉकीतल्या वरच्या देशांच्या लीगमधनं, टीम खाली घसरलीच की.

कधीकधी कोचचंबी चुकतंय, नाय म्हणत नाय. पण हातात आलेले पेनल्टी कॉर्नर, म्हंजे गोल मारायचे आयते चान्स, वाया जातात ते काय कोच येऊन मारतो का? आणि टीम निवडणाऱ्यांना काढा असं कोण ओरडल्यालं ऐकलंय का कधी?