इंजेक्शन देतात खरं, पण कुणाला?

मामांनी शेततळ्यात सोडायला सांगून ठेवलेली रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, रद्द केली. कारण निपाणी-चिक्कोडीकडच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज. त्याचा मतलब असा: नॉर्वेत सालमन मासा इंजेक्शनं देऊन, जनुकं बदलून दुप्पट वाढवतात, वर मांसाला रंग मारतात. तोच प्रकार आता 'जयंती' रोहूच्या नावानं आपल्याकडं आलाय. असला मासा रोगट असतो, आपलं गावठी बीजच बरं.

"एवढं लिवलंय म्हणजे काहीतरी असणारच की," मामा म्हणाले.

आहे मामा, थोडं आहे. पण भलतीकडंच आहे.

इंजेक्शन देतात, हे खरं. रोहू नदीचा मासा. तळ्यात वाढतो, पण साचल्या पाण्यात अंडी घालत नाही. म्हणून पावसाळ्यात बीज केंद्रावर नर-मादीला संप्रेरक टोचतात. हिरालाल चौधुरींनी १० जुलै १९५७ ला ओडिशात हे साधलं, तेव्हापासून बीजासाठी नदीवर अवलंबून राहणं सुटलं. ही सुई विण्यासाठी असते, वाढीसाठी नव्हे. आणि पिशवीत ऑक्सिजन भरून येणाऱ्या तुमच्या 'गावठी' पिल्लांच्या आईबापांनाही तीच टोचलेली असते.

मग मासा दुप्पट कसा होतो? पतसंस्थेच्या चक्रवाढ व्याजासारखा. नॉर्वेत १९७०च्या दशकात सुमारे ४० नद्यांमधला सालमन गोळा करून निवड सुरू झाली, म्हणजे चांगल्या वाढणाऱ्यांचीच पुढं पैदास करायची. सालमनची एक पिढी साधारण चार वर्षांची. पिढीला १२ टक्के वाढ धरली तरी सहा पिढ्यांत आकडा जवळजवळ दुप्पट होतो. जयंतीचं तेच. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर १९९२ मध्ये काम सुरू केलं. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा नद्यांमधून रोहू आणले. स्वातंत्र्याच्या सुवर्णजयंतीला बीज बाहेर आलं, म्हणून हे नाव. वाढ पिढीला सुमारे १७ टक्के.

जनुक घालून बनवलेला सालमन होता, नाही असं नाही. तो उत्तर अमेरिकेतला. त्यात चिनूक सालमनचं वाढीचं जनुक घातलं होतं. अमेरिकेनं २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीनं उत्पादन गुंडाळलं. नॉर्वेच्या निवडीशी त्याचा संबंध नाही. रंगाचं म्हणाल तर रानटी सालमनला तो कोळंबीसारख्या जिवांतून मिळतो, पाळलेल्याला खाद्यातून. ब्रश घेऊन कुणी बसत नाही.

'रोगट' हा शब्द मात्र मला खटकला, कारण खरी करामत तिथंच आहे. अथणीकडं खिलार वळू निवडताना शिंगं, खूर, पाठ डोळ्यांनी दिसतात. रोग सोसायची ताकद कशी दिसणार? सालमनच्या एका मादीची हजारो अंडी, म्हणजे भावंडांना तोटा नाही. थोडी भावंडं वेगळी काढून त्यांना मुद्दाम रोगाची लागण करतात. ज्या घरातली जास्त जगली, त्या घरातले न आजारलेले भाऊबहीण पुढच्या पिढीला ठेवतात. कुणाचं कोण कळावं म्हणून पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप. आता तर पराचा तुकडा कापून डीएनए वाचतात, त्यामुळं निवड जास्त अचूक होते. स्वादुपिंड पोखरणाऱ्या आयपीएन रोगाचं असंच झालं. सोसण्याची ताकद बऱ्याच अंशी जनुकांतल्या एकाच जागेशी बांधलेली निघाली. त्यावरून निवड सुरू झाल्यावर नॉर्वेतल्या या रोगाच्या साथी झपाट्यानं घटल्या.

काळजीची गोष्ट मेसेजात नाहीच. नॉर्वेत पिंजऱ्यांतून सुटलेले सालमन रानटी माशांशी संकर करतात आणि तिथल्या नद्यांना ते भोवतंय. आपल्याकडं दूधगंगा-वेदगंगेला पूर आला की शेततळीही वाहतात, हे मामांना सांगायला नको.

आणि 'गावठी'? रोहू मुळात गंगा-सिंधूकडचा, कृष्णेत तो माणसानं आणला. वर कर्नाटकातल्याच बीज केंद्रांवरचा १९९० चा एक अभ्यास सांगतो, की विणीसाठी ठेवलेल्या माशांच्या, म्हणजे ब्रूडरच्या, थोड्याच जोड्या वर्षानुवर्षं वापरल्यानं नात्यातल्या नात्यात पैदास वाढत होती. मासा खुजा होतो तो असल्या पैदाशीनं.

मामांनी तिथंच बीजवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. "ब्रूडर शेवटचे कधी बदलले हो?"

पलीकडं जरा शांतता. मग, "असलं कोण विचारत नाही बघा. किती हजार टाकू?"