"त्या बाईचं आमाले काय करा लागते?" : 'शेतकरी बाप' यांना उत्तर

भाऊ, नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची नावाजलेली कोच पॅट समिट, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मॅडम, त्या अमेरिकेच्या बाईचं आमाले काय करा लागते? तिथं पैसा हाय, उंच उंच पोट्ट्या हाय. आमची पोरगी नववीत हाय, बास्केटबॉल खेळाचं म्हणते. खेळून कोनाचं भलं झालं? अन् पोरींवर वरडणाऱ्या बाईचं एवढं कवतिक कायले?" दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण प्रश्नात तुमची पोरगी आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी पैशाचं. 1974 साली समिट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची मुख्य कोच झाली तेव्हा ती 22 वर्षांची होती. आली होती पुढचं शिकायला आणि सहायक म्हणून हाताखाली काम करायला. आधीच्या कोच बाई निघून गेल्या आणि अख्खा संघ हिच्या गळ्यात पडला. पगार महिन्याला 250 डॉलर. संघाची गाडी हीच चालवायची, सामना झाला की सगळ्यांचे कपडे हीच धुवायची. संघातल्या काही मुली तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभरानं लहान. पहिलाच सामना 84-83 असा एका गुणानं हरली. तुम्हाला दिसतो तो पैसा नंतरचा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असा कायदा तिथं 1972 मध्ये झाला. मुलींच्या खेळाला शिष्यवृत्त्या, मैदानं, पगार मिळायला लागले ते त्या कायद्याच्या जोरावर, तेही हळूहळू. मोठ्या कॉलेजांची आज गाजते ती स्पर्धा मुलींसाठी सुरू झाली थेट 1982 मध्ये.

आणि तुम्ही 'शेतकरी बाप' म्हणून लिहिता, तर एक सांगते. तिचाही बाप शेतकरीच. तंबाखू आणि दुभती जनावरं. ही पाच भावंडांतली चौथी, वरचे तिघेही भाऊ. दिवसभर गवताचे गठ्ठे उचलायचे आणि रात्री चाऱ्याच्या माळ्यावर लावलेल्या रिंगमध्ये भावांबरोबर धक्काबुक्की करत खेळायचं. त्यांच्या भागातल्या हायस्कुलात मुलींचा संघ नव्हता, तर बापानं बिऱ्हाडच दुसरीकडे हलवलं, जिथल्या शाळेत संघ होता. माणूस लाड करणारा मुळीच नव्हता, कडक होता. तुम्ही घर हलवा असं मी म्हणत नाही, कोण हलवेल? पण 'तिथल्या बायांचं सगळं सोपं' हे काही पटत नाही.

त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुलींना अर्धंच मैदान असायचं. एका संघात सहाजणी, तिघींनी फक्त बास्केट करायची, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेघ ओलांडायची नाही. पूर्ण मैदान पळणं मुलींना झेपणार नाही ही समजूत. समिटनं याला उघड विरोध केला आणि सत्तरचं दशक संपता संपता तो नियम गेला. आमच्याकडे मुलींचं अर्धं मैदान गाडीच्या वेळापत्रकात जातं. मानव विकासची निळी बस (शाळेतल्या मुलींची ने-आण करणारी सरकारी योजनेची गाडी) शाळा सुटली की निघते. ती चुकली तर पोरगी घरी कशी जाणार? म्हणजे मुलांचा सराव संध्याकाळी पाच वाजता सुरू होतो तेव्हा बाहेरगावच्या मुली आधीच गाडीत बसलेल्या असतात. मग उरतो सकाळचा वेळ किंवा मोठी सुट्टी. त्यात पाऊसकाळात आपली काळी माती. चेंडू टप्पा घेतच नाही, थपकन बसतो. जुलै-ऑगस्टात आम्ही ड्रिबलिंग सोडूनच देतो आणि नुसत्या पासवर खेळतो. (याचा फायदाही झाला. तालुक्याला सिमेंटच्या कोर्टवर गेल्यावर आमच्या मुली इतरांपेक्षा चेंडू लवकर सोडतात.) रिंग गावातल्या वेल्डिंगवाल्यानं सळई वाकवून केलेली आहे. उंची मात्र बरोबर दहा फूट, त्यात मी तडजोड करू दिली नाही.

उंचीचा तुमचा मुद्दा खरा आहे, अर्धा. समिट स्वतः पाच फूट अकरा इंच होती. पण 1991 मध्ये त्याच कॉलेजांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिच्या संघासमोर व्हर्जिनियाकडून डॉन स्टेली उभी होती, उंची पाच फूट सहा. सामना जादा वेळेत गेला, टेनेसी 70-67 नं जिंकली, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली हरलेल्या संघातली ही बुटकी पोरगी, त्या सामन्यात 28 गुण करून. पुढे ती तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, खेळत असतानाच कोचिंगला लागली. साउथ कॅरोलिना विद्यापीठात कोच म्हणून पहिल्या हंगामात तिचा संघ 10 सामने जिंकला, 18 हरला. 2024 साली तोच संघ 38 पैकी 38 जिंकून विजेता झाला. मधे गेली सोळा वर्षं, आणि तेवढी वर्षं तिला तिथं ठेवलं गेलं.

माझं म्हणणं हेच आहे, लेखातही होतं. समिट 1974 ते 2012 एकाच विद्यापीठात राहिली. 1098 विजय, 8 राष्ट्रीय विजेतेपदं, हे आकडे लोक सांगतात. मला त्यातलं टिकणं मोठं वाटतं. 2011 मध्ये अल्झायमरचं निदान झाल्यावरही ती एक हंगाम संघाबरोबर बाकावर बसली. आमच्या तालुक्यात मुलगी सहावीत खेळायला लागते आणि नववीत जाईपर्यंत तिचे खेळाचे तीन सर बदललेले असतात. कुणी तासिका तत्त्वावर, कुणी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, कुणी एका वेळी दोन शाळा सांभाळणारे. त्यांचा दोष नाही. पण ही पोरगी पाळीच्या दिवसांत मागं का उभी राहते, सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापूस वेचणीला कुणाची आई तिला घरी ठेवते, हे कळायला माणूस तिथं चार-पाच वर्षं असावं लागतं, आणि शक्यतो बाई असावी लागते. अशा बाया आपल्याकडे आहेत. विभागापर्यंत खेळलेल्या, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलेल्या, आज लग्न होऊन तालुक्यातच असलेल्या. त्यांना मैदानावर कुणी बोलावत नाही. हे कबड्डी-खोखोलाही तितकंच लागू आहे, त्यामुळे 'बास्केटबॉल शहरातला खेळ' या वादात मी पडत नाही. आमच्या मुली पावसाळ्यात तिन्ही खेळतात.

ओरडण्याबद्दल तुमच्याशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. सुरुवातीच्या काळात रात्री उशिरापर्यंत पार्टी केली म्हणून तिनं मुलींना मैदानाच्या कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून उलट्या होईपर्यंत पळवलं होतं. ते मला आवडत नाही. सकाळी चहा-पोळीवर येणाऱ्या मुलीवर असला प्रयोग कुणी केला तर मी त्याला मैदानाबाहेर काढीन. तिचा दुसरा कडकपणा मात्र मी जसाच्या तसा उचललाय. वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं, तास बुडवला तर पुढचा सामना नाही. तिच्याकडे पूर्ण काळ खेळलेली एकही मुलगी पदवीशिवाय बाहेर पडली नाही.

'खेळून भलं झालं का' याचं उत्तर इथंच आहे. नोकरी लागेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथवर थोड्याच पोचतात. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, त्यालाही ठरावीक पातळीपर्यंत खेळावं लागतं. पोरगी अभ्यासातून सुटली तर मात्र खेळ तिला वाचवणार नाही. म्हणून तुम्ही तिच्या सरांना पहिला प्रश्न बास्केटचा विचारू नका, हजेरीचा विचारा.

आणि गाडीचं. पाच-सहा बापांनी मिळून मुख्याध्यापकांमार्फत आगाराला अर्ज द्या, एक फेरी तासभर उशिरा सोडा म्हणून. एकट्या बापाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. तोवर तिला मोठ्या सुट्टीत खेळू द्या. चेंडू सहा नंबरचा हवा, मुलांचा सात नंबरचा तिच्या हाताला मोठा होतो. महागाचे बूट आत्ता घेऊ नका, या वयात पाय वाढतात.