लिंकनची वकिली: फॉरवर्डमधले तीन दावे

‘अब्राहम लिंकन वकिलीत अपयशी ठरला, गरिबांकडून फी घेत नसे, आणि अन्यायाची बाजू त्याने कधीच लढवली नाही.’ हा फॉरवर्ड आता भाचीच्या लॉ कॉलेजच्या ग्रुपवर पोचलाय. उद्या सनद घेणारी मुलं हे खरं धरून चालणार, म्हणून लिहावं लागतंय.

तिसरा दावा आधी घेतो, कारण घातक तोच आहे. 1847 मध्ये इलिनॉय राज्याच्या कोल्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) गुलामी चालणाऱ्या केंटकी राज्यातल्या रॉबर्ट मॅट्सनने जेन ब्रायंट आणि तिच्या चार मुलांवर गुलाम म्हणून हक्क सांगितला. लिंकन मॅट्सनच्या बाजूने उभा राहिला. त्याचा युक्तिवाद असा, की ही माणसं इलिनॉयमध्ये वसवलेली नाहीत, शेतीच्या हंगामापुरती आणलीत, म्हणून इथली गुलामीबंदी त्यांना लागू नाही. कोर्टाने ते मानलं नाही. जेन आणि मुलं सुटली. लिंकन जिंकला असता तर ती पाच माणसं पुन्हा केंटकीच्या गुलामीत गेली असती. याच माणसाने 1841 मध्ये नॅन्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीपोटी लिहून दिलेली वचनचिठ्ठी बेकायदा ठरवून घेतली होती. पक्षकार येईल त्याची बाजू मांडायची, हीच त्या काळच्या वकिलाची रीत होती.

फीबद्दल थोडं खरं आहे, तेवढं मान्य. 1856 मध्ये एकाने 25 डॉलर पाठवले, तर 15 पुरे म्हणून त्याने 10 परत केले. पण परत केले म्हणजे फी घेतलीच की! एरवी दर 5 ते 20 डॉलर, आणि भागीदार हर्नडनबरोबर निम्मी वाटणी. इलिनॉय सेंट्रल रेल्वेने मोठी फी अडवली तेव्हा 1857 मध्ये त्याने रेल्वेवरच दावा लावून 5000 डॉलरचा निकाल मिळवला, आणि पुढे त्याच रेल्वेची कामंही घेतली.

राहिलं अपयश. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वकिलीच्या दस्तऐवजांत पाच हजारांवर खटले आहेत, त्यांतले चारशेहून जास्त राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले. अपयशी वकिलाकडे एवढी कामं येत नाहीत. निम्म्याहून अधिक खटले साध्या कर्जवसुलीचे. क्लार्ककडे अर्ज द्यायचा, शेरीफकडून (काउंटीचा पोलीस अधिकारी) समन्स बजावून घ्यायचं, दाव्याचा कागद हाताने लिहून दाखल करायचा. ऋणको हजर झाला नाही की एकतर्फी निकाल. समन्स वेळेत बजावलं गेलं नाही तर प्रकरण पुढच्या सत्रावर, म्हणजे साधारण सहा महिने लांबणीवर, कारण काउंटीत सर्किट कोर्ट, म्हणजे न्यायाधीश काउंटी-काउंटी फिरून भरवायचा ते कोर्ट, वर्षातून दोनदाच भरायचं. स्प्रिंगफील्डसारख्या 1850 च्या सुमारास साडेचार हजार वस्तीच्या गावातल्या वकिलाचं पोट एका गावावर भरत नसे. म्हणून तो वसंतात आणि शरदात आठव्या सर्किटच्या न्यायाधीशामागे काउंटी-काउंटी फिरायचा, एकेका फेरीत दोन-अडीच महिने.