कीबोर्डला इथली धूळ सोसत नसेल, तर तो इथे विकता कशाला?

महागड्या लॅपटॉपचा कीबोर्ड वर्ष-दीड वर्षात दगा देतो आणि कंपनी त्याचे खापर धुळीवर, म्हणजे पर्यायाने ग्राहकावरच फोडते, याविषयी आज मला सविस्तर लिहायचे आहे. आमच्या दारव्हा तालुक्यात धूळ ही काही अवचित घडणारी गोष्ट नाही. सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की कुटार घराघरांत शिरते, कापूस वेचणीला आला की रुईचे तंतू कपड्यांना आणि पंख्याच्या पात्यांना चिकटतात, आणि उन्हाळ्यात तर खिडकी बंद ठेवूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर बसतो. ज्या वस्तूची जाहिरात यवतमाळच्या चौकात लागते आणि जी आमच्या पिनकोडवर आनंदाने पोहोचवली जाते, तिने ही हवा सोसली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सातबाऱ्याच्या प्रती हे माझे रोजचे काम असून, कास्तकाराला वखर जसा तसा मला कीबोर्ड आहे. वीज गेल्यावरही काम थांबू नये म्हणून मी साठ हजारांहून अधिक किमतीचा लॅपटॉप घेतला. वॉरंटीची मुदत संपण्याआधीच त्याची एक कळ अडकू लागली, आणि ती नेमकी कान्याची होती. इन्स्क्रिप्ट पद्धतीत काना इंग्रजी ‘ई’च्या कळेवर असतो, मराठीत त्याच्यावाचून एक ओळसुद्धा पुढे सरकत नाही. कळ उमटली नाही की ‘वानखडे’चे ‘वनखडे’ होते, आणि दोनदा उमटली की दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत राहतो. नाव आधारशी जुळले नाही की अर्ज परत येतो आणि त्या माणसाची मजुरी बुडते. पुढे एकचा आकडाही दोनदा उमटू लागला. 1.20 हेक्टरचे 11.20 हेक्टर होणे म्हणजे काय, हे विम्याचा अर्ज भरणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

लॅपटॉप कंपनीचे दुरुस्ती केंद्र नागपूरला, म्हणजे यवतमाळहूनच सुमारे दीडशे किलोमीटरवर. तिथल्या मुलाने कळ उचलली, भिंगातून पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, आत कचरा गेला आहे, हे वॉरंटीत बसत नाही.” त्यावर त्याने सांगितलेला खर्च ऐकून मी थक्क झालो, कारण एका कळेसाठी कीबोर्डसकट वरचे अख्खे पॅनेल बदलावे लागणार होते. त्या मुलावर माझा राग नाही. वरून आलेला नियमच तो सांगत होता. राग आहे तो हा नियम करणाऱ्यांवर.

कीबोर्ड हा झिजणारा भाग आहे, हे त्यांना माहीत नसेल असे म्हणता येत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये खालचे काही स्क्रू काढले की कीबोर्ड वेगळा निघायचा, रिबन केबल सोडवून दुसरा बसवता यायचा, आणि हे काम तालुक्याचा कारागीर अर्ध्या तासात करून द्यायचा. आता पातळपणाच्या हौसेपायी अनेक कंपन्या तो वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांची डोकी वितळवून पक्का करतात. आमच्याकडचे कारागीर ती डोकी एक-एक करून कापतात आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने नवा कीबोर्ड पुन्हा चिकटवतात. त्यांच्या हातातील कसबाला माझा नमस्कार, पण एवढी कसरत करायला लावणाऱ्या रचनेला चांगले म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे दुखणे फक्त आमच्या खेड्यातले आहे असेही कोणी समजू नये. अ‍ॅपलने 2015 मध्ये ‘बटरफ्लाय’ नावाची अतिशय चपटी कळ आणली. बारीक कणानेही ती अडकते किंवा अक्षर दोनदा उमटवते, अशा तक्रारी अमेरिकेतल्या ग्राहकांनी केल्या. त्या तक्रारी काही कुटाराच्या किंवा रुईच्या नव्हत्या. कंपनीने जून 2018 मध्ये खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, त्याच वर्षी नव्या मॉडेलमध्ये कळांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा घातला, आणि शेवटी 2019 च्या नोव्हेंबरपासून कळेखाली कात्रीसारखा आधार असलेल्या जुन्या रचनेकडे परत जायला सुरुवात केली. ग्राहकांनी केलेल्या दाव्यात 2022 मध्ये 5 कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यात कंपनीने चूक मान्य केली नाही आणि भरपाई अमेरिकेतील फक्त सात राज्यांतल्या खरेदीदारांपुरती होती. तरीही धूळ हा ग्राहकाचा गुन्हा ठरला नाही, बदलावी लागली ती रचनाच, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉप विकताना तो किती सहज दुरुस्त करता येतो याचे दहापैकी गुण दाखवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, ते चांगलेच झाले. पण दुकानातल्या खोक्यावर प्रोसेसर आणि रॅम ठळक छापलेले असताना, कीबोर्ड वेगळा बदलता येतो की नाही हे कुठेच लिहिलेले नसते. ती एक ओळ सक्तीने छापायला लावली, तर निम्मे ग्राहक खरेदीआधीच सावध होतील.

‘तुम्ही लॅपटॉप धंद्यासाठी वापरता, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही,’ असेही कोणी ऐकवले तर गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानलेली नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, नागपूर-मुंबईला जाण्याची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

सध्या मी त्या महागड्या लॅपटॉपला काहीशे रुपयांत मिळणारा साधा यूएसबी कीबोर्ड जोडून काम करतो आहे, आणि तो त्याच टेबलावर, त्याच धुळीत बिनतक्रार चालतो. माझी तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगासाठी लिहून तयार आहे. आपल्या भागात ज्यांना असाच अनुभव आला असेल, त्यांनी जॉबशीट (दुरुस्ती केंद्राची नोंदपावती) आणि बिल जपून ठेवावे, नकार तोंडी न घेता लेखी मागावा, आणि मॉडेल व खरेदीचा महिना मला कळवावा; एकाच मॉडेलच्या तक्रारी निघाल्या तर त्या एकत्र मांडता येतात का, हे मी वकिलांना विचारणार आहे.