‘ट्रेडमिल म्हणजे धावणं नव्हे’ : त्या प्रतिक्रियेला उत्तर

ट्रेडमिलवर धावायला शिकलेल्यांनी रस्त्यावर कसं उतरावं, या माझ्या गेल्या लेखाखाली म्हापशाच्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, ‘जुना धावपटू’ एवढीच सही. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग देते: “ताई, राग मानू नका, पण थंड हवेत पट्ट्यावर चाललेल्या बाईने रस्त्याचं ज्ञान पाजळू नये. ट्रेडमिलवर पट्टाच पाय मागे ओढतो, माणूस नुसत्या उड्या मारतो. ते धावणं नव्हेच. पहिल्या दिवसापासून रस्त्यावर उतरावं, आम्ही तसेच शिकलो.” याशिवाय ट्रेडमिलचा 1 टक्का चढ, बूट, कुत्रे, किनारा आणि रस्त्याचा कडेकडचा उतार यांवर त्यांचे आक्षेप आहेत. लेखाखाली साखळीच्या एका वाचक भगिनीने, मशीनवर काही महिने धावल्यावर आता रस्त्यावर सुरुवात कशी करावी, असा प्रश्न विचारला होता, तिलाही त्यांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं आहे: “तुमचे मशीनवरचे महिने पाण्यात गेले.”

सर्वप्रथम आभार. लेख आपण शेवटपर्यंत वाचलात हे दिसतंच आहे, आणि मतभेदाला माझी कधी ना नसते. माझं आयुष्य शाळेत फळ्यासमोर गेलं. गणितातली चूक दाखवणाऱ्या मुलाला मी सगळ्या वर्गासमोर शाबासकी देते. पण ‘राग मानू नका’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला समोरच्याचा पाणउतारा करायचा, ही रीत मला पटत नाही. राग येणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो आधीच हात झटकून मोकळा होतो. ‘बाईने ज्ञान पाजळू नये’ हे वाक्य एखाद्या पुरुषाच्या लेखाखाली आपण कोणत्या शब्दांत लिहिलं असतं, याचा जरा विचार करावा. मुद्दा ट्रेडमिलचा होता. त्यात बाई कुठून आली?

आणि ‘थंड हवेत’ म्हणजे कुठे? मी ज्या जिममध्ये जाते तिला पत्र्याचं छप्पर आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या आवाजात शेजारच्या मशीनवरच्या बाईचं बोलणंही ऐकू येत नाही. दोन पंखे आहेत, त्यातल्या एकाचं तोंड वजनं उचलणाऱ्या मुलांकडे वळवलेलं असतं. पट्ट्याच्या कडेला घामाचे ठिपके पडतात आणि आपल्यानंतर येणारीला ते दिसू नयेत म्हणून उतरताना आपणच ते पुसायचे. एसी तिथे कुणी पाहिलेला नाही.

आता आपलं मुख्य वाक्य. ‘पट्टाच पाय मागे ओढतो.’ हे मी इतक्या लोकांकडून ऐकलं आहे की त्याला सविस्तर उत्तर द्यायचं फार दिवस मनात होतं. रस्त्यावर धावताना काय होतं ते आधी पाहू. पाऊल टेकतं, शरीर त्याच्यावरून पुढे निघून जातं, म्हणजे शरीराच्या मानाने पाऊल मागेच जातं. पट्ट्यावरही अगदी तेच होतं. पट्टा एकसारख्या वेगाने फिरतो आहे तोवर पायाला दोन्हींत फरक करता येत नाही. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट नदीच्या मधोमध संथपणे चाललेली असताना तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाऊन पाहा. बोट धक्क्याला लागलेली असताना जेवढी मेहनत पडते तेवढीच पडेल. धावण्यातली बरीचशी शक्ती जाते ती आपलं वजन पावलागणिक झेलायला आणि पुन्हा वर उचलायला. ते वजन पट्टा उचलत नाही. पायांनी काहीच केलं नाही तर माणूस पट्ट्यासकट मागे जाऊन जमिनीवर आपटतो, हे पाहायला कुठल्याही जिममध्ये अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे.

मग फरक नाहीच का? आहे. जिममध्ये समोरची हवा कापावी लागत नाही. 1996 साली जोन्स आणि डाउस्ट या दोन ब्रिटिश संशोधकांनी हाच फरक मोजला, आणि ट्रेडमिलला 1 टक्का चढ दिला की बाहेरच्या एवढी ताकद लागते हा त्यांचा निष्कर्ष जगभर पसरला. आपणही त्याच 1 टक्क्याचा दाखला देऊन मला अज्ञानी ठरवलंत. पण तो अभ्यास धावण्याची चांगली सवय असलेल्या पुरुषांवर झाला होता आणि त्यातले वेग ताशी साडेदहा किलोमीटरपासून 18 किलोमीटरपर्यंतचे होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नवखी बाई ताशी 7 किलोमीटरने, म्हणजे किलोमीटरला सुमारे साडेआठ मिनिटं घेत धावते. त्या वेगाला हवेचा रोध नगण्य असतो. तिने 1 टक्का चढ दिला काय, न दिला काय. हा आकडा लेखात नव्हता, कारण माझ्या वाचकांना त्याची गरज नव्हती.

आणि ‘ते धावणं नव्हेच’ असं छातीठोकपणे म्हणण्याआधी ख्रिस्टीन क्लार्क हे नाव आपण ऐकलं असतंत तर बरं झालं असतं. अलास्कातल्या अँकरेजची डॉक्टर, दोन मुलांची आई. तिथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ असतो, म्हणून तिचा बहुतेक सराव घरातल्या ट्रेडमिलवर झाला. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक मॅरेथॉन निवड चाचणीत ती उतरली तेव्हा तिचं नाव कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. दिवस उकाड्याचा होता. भल्याभल्या मागे पडल्या आणि ती 2 तास 33 मिनिटांत पहिली आली. सिडनीला अमेरिकेकडून महिला मॅरेथॉन धावणारी ती एकटी होती आणि तिथे ती 19वी आली. तिनेही नुसत्या उड्याच मारल्या का?

‘पहिल्या दिवसापासून रस्त्यावर उतरावं’ यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हे वाक्य वाचून कितीतरी बायका धावायचा विचारच सोडून देतात. मी फोंड्याजवळच्या एका वाड्यावर राहते. चाळिशी उलटली होती, डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं होतं. घरासमोरच्या रस्त्याला पदपथ नाही, ट्रक पहाटेपासून सुरू होतात. मला ओळखणारे लोक सासऱ्यांनाही ओळखतात, आणि ट्रॅक पँट घालून धावणारी सून ही तेव्हा चहाच्या गाड्यावरची बातमी होती. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेसहाला अंधार असतो आणि शाळा गाठायची तर मला त्याच वेळेला निघावं लागलं असतं. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या कडेला शेवाळ धरतं, तिथे पाय घसरला की महिनाभर प्लास्टर. अशा बाईला ‘आम्ही तसेच शिकलो’ हे सांगून तुम्ही काय साधता? तुम्ही तसे शिकलात कारण तुम्हाला तसं शिकता आलं. मला पत्र्याखालच्या त्या मशीनने श्वास दिला, पोटऱ्या दिल्या, आणि सलग अर्धा तास आपण धावू शकतो हा भरवसा दिला. तो घेऊन मी रस्त्यावर आले. मशीन नसतं तर मी आजही घरीच असते, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर काय बदलतं, हा तर माझ्या लेखाचाच विषय होता. पट्ट्यावर वेग मशीन ठरवतं. रस्त्यावर तो आपल्याला ठरवावा लागतो, आणि मोकळी हवा लागली की नवखा माणूस हमखास जोरात सुटतो. बांदोड्याहून नागेशीकडे जाताना दोन्ही बाजूंना कुळागरं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा आहेत, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा ऐकू येतो, पाय आपोआप पळतात आणि नागेशीच्या तळीपर्यंत श्वास संपलेला असतो. म्हणून मी लिहिलं होतं की किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. मशीनवर अर्धा तास धावत असाल तर बाहेर वीस मिनिटं धरा आणि त्यातही मधेमधे चाला. मोठ्याने एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. माझी मैत्रीण आणि मी चतुर्थीच्या आधी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वरच्या फळा-फुलांच्या मांडवीला, काय काय बांधायचं राहिलंय ते धावताना एकमेकींना सांगतो. दोन फळांच्या नावांमध्ये धाप लागली की वेग कमी करतो. घड्याळापेक्षा ही खूण मला खात्रीची वाटते, विशेषतः आपल्या हवेत. इथल्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, सुकत नाही. घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही, म्हणून तोच वेग ठेवला तरी हृदयाचे ठोके वाढतात. शरीर या उष्म्याला सरावायला साधारण एक ते दोन आठवडे घेतं. तेवढे दिवस मशीनवरच्या आकड्यांशी तुलना करू नये.

उतारांचंही तसंच. जिममधल्या बहुतेक मशीनना चढ देता येतो, उतार देता येत नाही. फर्मागुडीहून फोंड्याकडे उतरताना मांड्या शरीराला सारखा ब्रेक लावत असतात आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना कळतं. उतारावर पावलं लहान टाकावीत.

तुमची एक गोष्ट मी मान्य करते. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आणि समोरची वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावलं की उजवं पाऊल सतत खाली पडतं. रोज एकाच रस्त्याने एकाच दिशेने गेलं तर एका बाजूचा गुडघा किंवा कंबर धरते. हे तुम्ही नीट लिहिलंत. लेखात ते आता घातलं आहे. हाच मुद्दा दोन ओळींत, साध्या शब्दांत आला असता तर हे सगळं उत्तर लिहायची वेळ आली नसती.

बाकीचं भराभर. बुटांबद्दल लिहिलं म्हणून मी ‘कंपन्यांची जाहिरात’ करते असा तुमचा आरोप आहे. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, मला कुणी रुपयाही दिलेला नाही, आणि पुराव्याशिवाय असं लिहिणं सभ्यपणाचं नाही. किनाऱ्यावर अनवाणी धावायचा सल्ला म्हापशाहून सोपा वाटत असेल. फोंड्याहून किनारा गाठायलाच सकाळ निघून जाते. शिवाय घट्ट ओली वाळू सुकतीला, म्हणजे ओहोटीलाच मिळते आणि सुकती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, नोकरी करणाऱ्याला ती वेळ कशी साधायची? जन्मभर बूट-चपलांत वाढलेल्या पायांना एकदम अनवाणी पळवलं की पोटरी आणि टाच दोन्ही धरतात. ‘कुत्र्यांची भीती वाटते त्यांनी घरी बसावं’ हे वाक्य मात्र मला खरोखर संतापजनक वाटलं. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, थांबावं, पाठ न दाखवता सावकाश बाजूला व्हावं. चावलाच तर जखम साबणाच्या पाण्याने 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. भीती वाटणाऱ्याला हे सांगायचं असतं. त्याला घरी बसवायचं नसतं.

आता साखळीच्या ताई, तुमच्यासाठी. तुमचे महिने पाण्यात गेलेले नाहीत. आठवड्यातले तीन दिवस धावता असं तुम्ही लिहिलंय, तर त्यातला एकच दिवस बाहेर काढा, शक्यतो रविवार, रस्त्याला गाड्या कमी असतात. चांगलं उजाडू द्या. दहा मिनिटं चाला, मग दोन मिनिटं धावा नि एक मिनिट चाला, असं वीस मिनिटं. रस्ता सपाट निवडा, उजव्या कडेने जा, अंगात फिकट रंगाचा सदरा असू द्या. नडगीचं हाड दुखायला लागलं तर त्या आठवड्यात बाहेर जाऊ नका, मशीनवर हळू चाला. तीन-चार रविवार असे गेले की दुसरा दिवसही बाहेर काढता येईल. बाकीचे दिवस जिम सोडू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. आणि कुठे अडलंच तर इथेच विचारा, उत्तर मी देईन.