पोटातलं ॲसिड आणि बाटलीतलं ॲसिड: खुलासा

‘संडास धुवायच्या ॲसिडसारखंच ॲसिड पोटात असतं, म्हणून हाताला लागलं तरी बिघडत नाही’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. पहिला भाग खरा, दुसरा घातक.

दोन्हीकडे हायड्रोक्लोरिक ॲसिडच. पण जठररसात ते जेमतेम ०.५ टक्के, बाटलीत बऱ्याचदा १० टक्क्यांच्या आसपास. प्रयोगशाळेतलं तीव्र ॲसिड तर ३७ टक्के! शिवाय जठराला आतून चिकट श्लेष्माचा थर आणि त्यातलं बायकार्बोनेट (ॲसिडचा जोर मारणारा क्षार) वाचवतं. कातडीला असं कवच नाही. शहाबादी फरशीवर थेंब पडला की फसफसतो ना? तिथे चुनखडीचा दगडच विरघळत असतो.

हाताला लागलंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, सोडा चोळू नका. आणि ब्लीचमध्ये हे कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.